मोकळं करणारे साटम

दिगंबर साटमांनी माझ्या डोळ्यांदेखत पंचवीस-तीस माणसं नोकरीवरून काढली असतील, पण ‘काढलं’ हा शब्द मी त्यांच्या तोंडून एकदाही ऐकला नाही. ते माणसाला मोकळं करायचे. “तुला आता मोकळं करतोय, बाळा,” असं म्हणताना त्यांचा आवाज इतका मऊ व्हायचा की समोरच्याला वाटावं, आपण इतकी वर्षं कुठेतरी कोंडून पडलो होतो आणि हा सज्जन माणूस दार उघडायला आला आहे. त्यांचा आवाज चांगला होता, हे मान्य करायला हवं. आणखी काही मान्य करावंसं मला आजही वाटत नाही.

वसईच्या पूर्वेला, महामार्गाकडे जाणाऱ्या रस्त्यावर औद्योगिक गाळ्यांची एक वसाहत होती. तिथल्या एका दुमजली गाळ्यात आमची कंपनी. खाली प्लास्टिकच्या बादल्या बनत आणि वर मोबाइलवरचे गेम. बटणांच्या फोनचे दिवस होते ते. क्रिकेट, कॅरम, मोटारींची शर्यत, चेंडूने विटा फोडणं, असले छोटे छोटे गेम आम्ही बनवायचो. प्रत्येक कंपनीच्या फोनचा पडदा वेगळ्या मापाचा, त्यामुळे एकच गेम शिंप्याने कपडा बेतावा तसा फोनाफोनाला बेतून द्यावा लागे. मग तो नीट बसलाय की नाही हे कोणीतरी खेळून बघायचं. ते माझं काम. ऐकणाऱ्याला यात मजा वाटते. दिवसभर तोच चेंडू त्याच विटांवर आपटत, अंगठ्याला घट्टा पडेपर्यंत खेळून बघितलं की मग कळतं.

माझं टेबल साटमांच्या केबिनला लागून होतं. केबिन म्हणजे प्लायवूडचा आडोसा. त्यांना वाटायचं की दार लावलं म्हणजे आतलं आतच राहतं. आत त्यांनी खोकला दाबला तरी मला कळायचा.

आमचे मालक निखिलसर. तरुण, परदेशात शिकून आलेले, अंधेरीला राहणारे. आठवड्यातून दोनदा यायचे, संगणकाबद्दल बोलताना त्यांचे डोळे चमकायचे आणि माणसांबद्दल बोलायची वेळ आली की ते फोन काढायचे. माणसांचं बघायला कोणीतरी हवं म्हणून त्यांनी साटमांना आणलं. साटम तेव्हा पंचावन्नच्या आसपास. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, कॉलरच्या आत घडी घातलेला रुमाल. पहिल्याच दिवशी ते प्रत्येकाच्या टेबलाशी येऊन थांबले, खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, “जेवलास का?” सकाळचे दहा वाजले होते. तरीही पोरांना बरं वाटलं. या गाळ्यात तोवर हे कोणी विचारलंच नव्हतं.

आम्ही काय बनवतो ते साटमांना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि कळून घ्यावं असंही त्यांना वाटलं नाही. गेमला ते खेळणी म्हणायचे. एकदा दिल्लीहून मोठी गिऱ्हाइकं आली होती. निखिलसरांना यायला उशीर झाला, म्हणून साटमांनी त्यांना स्वतःच ऑफिस दाखवायला घेतलं. “ही आमची क्रिकेटची खेळणी. आमच्या पोरांनी रात्रीचा दिवस करून बनवली,” असं म्हणत त्यांनी माझ्या टेबलावरचा फोन उचलला. तो माझा नव्हता, त्यांचाच होता. मी त्यावर गेम तपासत होते. त्यांनी चेंडू टोलवायला म्हणून भलतंच बटण दाबलं आणि फोन थेट त्यांच्या घरी लागला. पलीकडून त्यांच्या बायकोचा आवाज सगळ्यांनी ऐकला, “अहो, किती वेळा सांगू, सिलिंडर आलेला नाही.” पाहुणे हसले. साटम त्यांच्याहून मोठ्याने हसले आणि म्हणाले, “बघा, आमच्याकडे घर आणि ऑफिस वेगळं नाहीच. एकच कुटुंब.” कुठल्याही चिखलातून असं कोरड्या पायांनी बाहेर पडायचं कसब त्यांच्याकडे होतं. त्या दिवशी मलाही त्याचं कौतुक वाटलं होतं.

कुटुंब हा त्यांचा आवडता शब्द. पुढे त्यांनी कुटुंबमेळावा काढायचं ठरवलं. जागा कुठली, यावर चर्चा चालली असताना त्यांनी एल्विनच्या खांद्यावर हात टाकला. एल्विन वसईतल्याच सांडोर गावचा. गेमसाठी प्रोग्राम लिहायचा, कमी बोलायचा. त्याच्या घरची केळीची वाडी होती, कडेने भाजीचे वाफे, मध्ये विहीर. “आपल्या एल्विनची वाडी असताना बाहेर कशाला जायचं?” साटम म्हणाले. एल्विनने घरी फोन केला, त्यांच्या घरच्या बोलीत आईशी बोलला आणि म्हणाला, “आई म्हणते, या सगळे.”

त्या रविवारी एल्विनच्या आईने सगळ्या ऑफिसला जेवू घातलं. तांदळाच्या रोट्या, कोंबडीचा रस्सा, टोपलीभर फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोल पाव. जेवणाआधी तिने कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण केली आणि चार ओळींची प्रार्थना म्हटली. साटमांनी हात जोडून डोळे मिटले, ते सगळ्यांत शेवटी उघडले. मग तीन वेळा रस्सा मागून घेतला. जेवणानंतर ते प्रत्येकाला बाजूला घेऊन केळीच्या ओळींतून फिरले. घरी कोण कोण असतं, वडील काय करतात, बहिणीचं जमलं का, बायको नोकरी करते का, गावी जमीन आहे का. मला त्यांनी विचारलं, “वैशाली, बाबा कुठे असतात कामाला?” मी सांगितलं, बाबा फिटर होते, बिजागऱ्यांच्या कारखान्यात, तो बंद पडला, आता घरीच असतात. साटम क्षणभर थबकले. “अरेरे,” म्हणाले. “म्हणजे घर तुझ्या एकटीवर.” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. निघताना एल्विनच्या आईने त्यांच्या हातात सुकेळ्यांच्या दोन जुड्या दिल्या. राजेळी केळी उन्हात वाळवून, मधासारख्या रंगाची झाली की आमच्या वसईकडे सुकलेल्या पानात बांधून ठेवतात. तिने त्या स्वतः बांधल्या होत्या.

त्या रात्री मी बाबांना मेळाव्याचं सांगितलं. साटमांचं नाव ऐकल्यावर बाबांनी पेपर खाली ठेवला.

“दिगंबर साटम? भांग उजवीकडून पाडतो तो?”

“हो. तुम्ही ओळखता?”

“आमच्या युनियनचा चिटणीस होता,” बाबा म्हणाले. “कारखान्याला टाळं लागलं तेव्हा आम्ही गेटवर बसलो होतो. हा रोज यायचा, भाषण करायचा. बोलायला चांगला होता. एक दिवस सांगायला लागला, की मालकाशी बोलणं झालंय, सगळ्यांनी सह्या करा, यातच आपलं भलं आहे. आम्ही केल्या. महिन्याभराने कळलं, तो मालकाच्या दुसऱ्या कारखान्यात ऑफिसात बसतो.”

“मग तुम्ही त्याला काही बोलला नाहीत?”

“काय बोलणार? वाईट माणूस म्हटलं तर त्याचा मान केल्यासारखं होईल. तेवढाही नाही तो.” बाबांनी पेपर पुन्हा उचलला.

मग बाजार फिरला. बोटाने सरकवायचे, बिनबटणांचे फोन येऊ लागले. त्यातच जगभर मंदी. परदेशी गिऱ्हाइकांनी जुन्या फोनचे गेम घेणं थांबवलं. निखिलसर एका बुधवारी आले आणि साटमांच्या केबिनमध्ये बसले. मी विटा फोडत होते.

“रिस्ट्रक्चरिंग करावं लागेल,” निखिलसर म्हणाले. “अर्धी टीम कमी. पण आरडाओरडा नको. सगळ्यांचे राजीनामेच आले पाहिजेत.”

“येतील की,” साटम म्हणाले. “तुम्ही निर्धास्त राहा. मी सगळ्यांची घरं बघून ठेवलीयेत. एल्विनला वाडी आहे, तो भांडणार नाही. पाटीलचं लग्न ठरलंय, तो सासरी बोभाटा होईल म्हणून गप्प जाईल. नायरला गावी बोलावतातच आहेत. आणि वैशालीला राहू द्या. तिच्या एकटीवर घर आहे. पगार कमी केला तरी ती कुठे जायची नाही.”

माझ्या हातातला गेम संपला. पडद्यावर ‘पुन्हा खेळायचं?’ असं येऊन थांबलं. केळीच्या ओळींतून फिरताना त्यांनी विचारलेला एकेक प्रश्न मला आठवत गेला. माणूस इतक्या आपुलकीने माप काढतो, आणि ते कशासाठी काढतोय हे माप देणाऱ्याला कळतही नाही.

दुसऱ्या दिवशी साटमांनी एल्विनला बोलावलं. प्लायवूडच्या पलीकडून त्यांचा तो मऊ आवाज आला. “रिस्ट्रक्चर म्हणजे काय रे? घराची डागडुजी. डागडुजीत कोणी रडतं का? तुला मी मोकळं करतोय. तुझी सोन्यासारखी वाडी आहे, तुला काय कमी. आम्ही बघ, दोन खोल्यांत मरतोय.”

“सर, वाडी माझ्या आजोबांची आहे. तिच्यात चार घरं आहेत,” एल्विन म्हणाला.

“तेच म्हणतो मी. चार घरांचा आधार आहे. इथे सही कर. आणि हे घे, तोंड गोड कर. असं रिकाम्या हाताने जायचं नाही.”

सुकलेल्या पानाची सळसळ झाली. मग एल्विनचा आवाज आला. “ही आमच्या घरची सुकेळी आहेत, सर. आईची गाठ आहे ही.”

“मग तर तुला आवडतीलच,” साटम म्हणाले.

एल्विन बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात ती जुडी होती. त्याने ती माझ्या टेबलावर ठेवली, आपला डबा आणि छत्री घेतली आणि कोणाकडे न बघता जिना उतरून गेला. मला त्या वेळी एल्विनची दया आली नाही. मला त्या केबिनच्या दाराकडे बघवेना, इतकी किळस आली.

साटमांना मात्र ती कल्पना पसंत पडली असावी, कारण पुढे त्यांनी सुकेळ्यांचा रिवाजच पाडला. ती बाजारातून विकत आणायचे. ज्याला केबिनमध्ये सुकेळं मिळालं तो गेला, हे आठवडाभरात सगळ्यांना ठाऊक झालं. पाटीलने घेतलं, नायरने घेतलं. ज्यांच्या घरी काही नव्हतं त्यांनाही घ्यावं लागलं. प्रत्येक जण सही करून, ‘थँक्यू सर’ म्हणून बाहेर यायचा. ते ‘थँक्यू’ साटमांना फार महत्त्वाचं वाटे. “एकही माणूस माझ्यावर नाराज होऊन गेला नाही,” असं ते निखिलसरांना अभिमानाने सांगायचे. आणि त्यावर त्यांचा स्वतःचा पूर्ण विश्वास होता, याचीच मला सर्वांत जास्त चीड यायची. खोटं बोलतोय हे माहीत असलेल्या माणसाशी निदान डोळ्याला डोळा तरी भिडवता येतो.

त्यांचं गाडं अडलं ते रंजनाशी.

रंजना पाचूबंदरची, कोळ्यांची. वसईच्या किल्ल्याच्या पलीकडे, जिथे सकाळी होड्या लागल्या की मासळीचा लिलाव होतो, तिथे तिचं घर. चित्रकलेचं शिक्षण घेऊन आमच्याकडे गेममधली चित्रं काढायची. नखाएवढ्या जागेत माणूस काढायचा, तो पळतानाही दिसला पाहिजे आणि थकलेलाही. ती ते करायची. आई हिराबाई मासळी विकायची, वडील होडीवर.

साटमांनी तिला बोलावलं, खुर्चीवर बसवलं, सुकेळं पुढे केलं.

“मला नको,” रंजना म्हणाली. “माझं काही चुकलं का, सर?”

“चूक नाही गं. रिस्ट्रक्चर.”

“मग तुम्ही काढताय असं लिहून द्या. मी राजीनामा देत नाही.”

“काढायचं नाव कशाला घेतेस? मी कोणाला काढत नाही. मी मोकळं करतो.”

“मी मोकळीच आहे, सर. रोज संध्याकाळी साडेसहाला होते.”

मी तोंडावर हात धरला. पलीकडे साटम हसले, पण नेहमीसारखे नाही.

दुसऱ्या दिवशी रंजनाच्या टेबलावरचा संगणक उचलला गेला. ती कागदावर चित्रं काढत बसली. त्याच्या दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा खुर्ची नव्हती. तिची खुर्ची साटमांच्या केबिनमध्ये, त्यांच्या बॅगेखाली होती. रंजनाने ती बघितली आणि टेबलाशी उभी राहिली. दिवसभर. कदम म्हणून आमचा एक जुना सहकारी होता, त्याने आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली. साटम लगेच बाहेर आले. “कदम, खुर्च्या ज्याच्या त्याच्या. कुटुंब असलं तरी शिस्त हवी.” कदमने खुर्ची मागे ओढली. आम्ही सगळे आपापल्या पडद्याकडे बघत राहिलो. असे काही दिवस गेले. रंजना वेळेवर यायची, उभ्याने जेवायची, उभ्याने चित्रं काढायची आणि साडेसहाला जायची. संध्याकाळी तिच्या पायांवर सूज दिसायची. साटम येता-जाता विचारायचे, “जेवलीस का?”

मग एका दुपारी जिन्यावर जड पावलं वाजली आणि हिराबाई वर आली. मासळी विकून थेट आलेली, कोपराला टोपली, आणि डोक्यावर उलटी धरलेली लाल प्लास्टिकची खुर्ची. ती सगळ्या टेबलांमधून चालत लेकीपर्यंत गेली, खुर्ची उतरवली, पदराने पुसली आणि म्हणाली, “बस गो.”

रंजना बसली.

साटम बाहेर आले, हात जोडून. “मावशी, नमस्कार. अहो, इथे बाहेरचं सामान आणायला परवानगी नाही.”

“सामान नाय, खुर्ची हाय,” हिराबाई म्हणाली. “तुमच्याकडं नाय, म्हनून आनली.”

“तुम्ही दमून आलाय. बसा जरा. पाणी घ्या.”

“पानी आमच्या घराच्या तिन्ही बाजूंना हाय. तुमचं नको.” तिने साटमांना खालपासून वरपर्यंत बघितलं, गिऱ्हाइकाने शिळी मासळी बघावी तसं. “तुमची आय हाय?”

“नाही, वारली.”

“बरं झालं. तिला हे बघायला लागलं नाय.”

साटमांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्या मागे काही उरलं नाही. हिराबाई जिना उतरून गेली. तिच्या मागे मासळीचा वास बराच वेळ ऑफिसात होता आणि कोणीही खिडकी उघडली नाही. ती खुर्ची हलवायची हिंमत साटमांना झाली नाही.

रंजनाने ठाण्याच्या कामगार कार्यालयात तक्रार केली. सुनावणीला साटम मला घेऊन गेले. वाटेत त्यांनी समजावलं, “तू काही खोटं बोलायचं नाही. फक्त म्हणायचं, खुर्ची दुरुस्तीला गेली होती. दुरुस्ती ही काय, डागडुजीच.” मी खिडकीबाहेर बघत राहिले. खुर्ची कुठे होती ते सांगून मोकळं व्हायचं, मग नोकरी राहो की जावो, असं मी बाबांशी बोलून निघाले होते. पण माझ्यापर्यंत वेळ आलीच नाही. साटमांनीच सगळं केलं.

अधिकारी बाई वयस्क होत्या, चष्मा डोक्यावर ठेवून कागद वाचणाऱ्या. एका बाजूला रंजना आणि तिची आई, दुसऱ्या बाजूला कंपनीचे वकील आणि साटम. वकिलांनी आधीच बजावलं होतं, विचारलं तेवढंच बोला. पण समोर ऐकणारं माणूस आलं की साटमांना भाषण आल्याशिवाय राहत नसे.

“ऑफिसात माणसांबद्दलचे निर्णय कोण घेतं?” बाईंनी विचारलं.

“कंपनी,” वकील म्हणाले.

“तसं कंपनी म्हणायचं,” साटम पुढे सरकून म्हणाले, “पण मॅडम, आमचे मालक लहान आहेत. त्यांना यातलं काही कळत नाही. सगळं मीच बघतो. माणूस घ्यायचा, सांभाळायचा, मोकळा करायचा. कोणाला कुठे बसवायचं ते मी ठरवतो.”

“आणि कोणाला उभं ठेवायचं, ते?”

“तेही मीच,” साटम म्हणाले.

वकिलांनी हातातली फाइल मिटली. साटमांना आपण काय बोललो ते कळायला आणखी थोडा वेळ लागला. बाईंनी ते वाक्य त्यांच्यासमोरच लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. हिराबाईने लेकीला विचारलं, “काय म्हनाला?” रंजना म्हणाली, “खरं बोलला.”

रंजनाला तिची जागा, संगणक आणि खुर्ची परत मिळाली. निखिलसरांनी वकिलांमार्फत लिहून दिलं, की घडला प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता, सगळं साटमांनी आपल्या मनाने केलं. मालकांनीही हात झटकायची ही संधी सोडली नाही. पुढच्या बुधवारी ते आले आणि केबिनचं दार लागलं.

“तुम्हीच म्हणालात ना, सगळं तुम्ही ठरवता,” निखिलसर म्हणाले. आणखी ते फारसं काही बोलले नाहीत. बहुधा फोन बघत असावेत.

साटमांनी टेबलाचा खण उघडून कागद शोधल्याचं ऐकू आलं.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मला खरं वाटलं नसतं. एक कोरा कागद घेऊन ते बाहेर आले आणि टेबलाटेबलाशी जाऊ लागले. “आज माझ्यावर आलंय, उद्या तुमच्यावर येईल,” ते सांगत होते. आवाज भरून आला होता, डोळे ओले होते. “कामगारांनी एकत्र यायला हवं. मी तुमच्यासाठी काय केलं नाही? नुसत्या सह्या द्या. साटम आम्हाला हवेत, एवढंच.” त्या वेळी मला बाबांचं गेट दिसलं, जे मी कधी पाहिलं नव्हतं. हाच आवाज, हेच डोळे, समोर माझे बाबा, आणि त्यांनी केलेली सही.

कदमने मान खाली घातली ती वर केलीच नाही. मी हेडफोन लावले. माझ्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. मी खांदा काढून घेतला. शेवटी ते रंजनाच्या टेबलाशी गेले. त्यांना आपण कोणासमोर उभे आहोत हे समजत नव्हतं असं नाही. तरीही त्यांनी कागद पुढे केला.

रंजनाने तो वाचला आणि परत दिला. “मला कोणी सांगितलं म्हणून सही करायची सवय नाही, सर,” ती म्हणाली.

संध्याकाळी ते गेले. मी घरी बाबांना सांगितलं, की आज साटम रडले. सांगताना माझा आवाज थोडा नरमला असावा, कारण कितीही झालं तरी केस पिकलेला माणूस रडताना बघवत नाही.

“आमच्या वेळीही रडला होता,” बाबा म्हणाले. “मालकाकडून सह्यांचे कागद घेऊन आला त्या दिवशी.” आणि त्यांनी आईकडे चहा मागितला.

कंपनी पुढे वर्षभरही चालली नाही. बटणांच्या फोनबरोबर आमचे गेमही गेले. रंजना गोरेगावला एका ॲनिमेशनच्या स्टुडिओत लागली. एल्विन आखातात गेला. मला विरारच्या एका शाळेत संगणक शिकवायची नोकरी मिळाली.

दोनेक वर्षांनी एका मैत्रिणीच्या वास्तुशांतीला मी नायगावला गेले होते. खाडीच्या बाजूला भराव टाकून नवे टॉवर उभे राहत होते. परतताना रिक्षा खालचे चार मजले राहते झालेल्या एका अर्धवट इमारतीपाशी थांबली, समोर खडीचा ट्रक आडवा आला होता म्हणून. इमारतीच्या तोंडाशी मंडप घातला होता आणि मंडपाबाहेर साटम उभे होते. गळ्यात टाय होता. त्यांच्यासमोर एक म्हातारं जोडपं. आजोबांच्या हातात कापडी पिशवी, आजीचा चेहरा उन्हाने रापलेला. कोकणातून किंवा घाटावरून आलेले, आयुष्यभराचं काढून मुलासाठी घर घ्यायला निघालेले असे ते दिसत होते. साटमांनी आजोबांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला होता.

“घाई अजिबात करू नका,” ते सांगत होते. “घर हे मनाला पटलं पाहिजे. नुसतं हे वारं बघा. मुंबईत हे वारं मिळेल का?”

वारं होतं खरं. पण ती जमीन मला माहीत होती. पावसाळ्यात तिथे गुडघाभर पाणी असायचं, भरतीला त्याहून जास्त. मी रिक्षातून उतरले. असं काही मी एरवी करत नाही. सरळ त्या आजींजवळ गेले आणि म्हणाले, “आजी, पावसाळ्यात एकदा येऊन बघा इथे. मग ठरवा.”

आजी गोंधळल्या. आजोबांनी हात सोडवून घेतला आणि माझ्याकडे बघितलं. साटमांनीही बघितलं. एक क्षण, फार तर दोन. त्यांनी मला ओळखलं, याबद्दल मला शंका नाही. मग त्यांचा सगळा चेहरा उजळला.

“ह्या आमच्या वैशालीताई,” ते आजींना म्हणाले. “आपल्याच बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर घर घेतलंय त्यांनी. शिक्षिका आहेत. स्वभाव फार थट्टेखोर.” आणि माझ्याकडे वळून, त्याच मऊ आवाजात, “काय वैशाली, पाहुण्यांना घाबरवतेस होय?”

मी शिक्षिका झाले हे त्यांना कुठून कळलं होतं, देव जाणे. एव्हाना ट्रक सरकला होता आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. रिक्षावाला हाका मारत होता. मी एवढंच म्हणू शकले, “नाही हो आजी, मी इथे राहत नाही.”

पण आजींचा जीव तोवर भांड्यात पडला होता. त्यांनी माझा हात धरला आणि अगदी शेजारणीला विचारावं तसं हसून विचारलं, “मग तिसऱ्या मजल्यापर्यंत पाण्याला जोर असतो ना गं?”